मीठ उतरलं तेव्हा मी कुठे होते

“मेंदूत रक्तस्राव नाही, गाठ नाही. आजींच्या रक्तातलं मीठ उतरलंय. सोडियम एकशे नऊ आहे.” नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलाला, संतोषला, हे सांगितलं तेव्हा मी शेजारीच स्ट्रेचरवर होते. माझे डोळे उघडे होते म्हणे. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

या आजाराला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. सोडियम म्हणजे मिठातला एक भाग. रक्तात तो एकशे पस्तीसच्या वर लागतो. तो खाली गेला की आधी मळमळतं, डोकं दुखतं, पाय लटपटतात. मग माणूस भलतंच बोलतो. अजून खाली गेला तर झटके येतात. मला हे सगळं झालं.

माझं वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी. तिसगावात राहते. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. घरात संतोष, सून मनीषा आणि मी. भिंतीपलीकडे धाकटा दीर आणि जाऊ हौसा. लिहायची मला सवय नाही. पण म्हाताऱ्या माणसांना हा आजार होतो आणि घरचे त्याला भलतंच काही समजतात, म्हणून लिहिते आहे.

आजार मीच ओढवून घेतला. ब्लड प्रेशर निघालं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी लघवी जास्त होणारी गोळी दिली आणि सांगितलं, “मीठ कमी करा.” मी काही अर्धवट करत नाही. मी मीठ बंदच केलं. भाजी अळणी, भाकरी अळणी, लोणचं-पापड बंद. कुणीतरी म्हणालं, सकाळी उठल्यावर भरपूर पाणी प्यावं, रक्त साफ होतं. मी तीन तांबे प्यायला लागले. मनीषा म्हणायची, “आत्याबाई, कमी करा म्हनले, बंद करा न्हाई म्हनले.” मी म्हणायचे, “तू डॉक्टर हायेस का?” असे दोन महिने काढले.

मग अन्नावरची वासना गेली. चालताना भिंत धरावी लागे. एकदा चुलीत जाळ न घालताच तव्यावर भाकरी टाकली आणि ती फुगायची वाट बघत बसले. मनीषाने बघितलं आणि संतोषला म्हणाली, “यांना नगरला न्या.” संतोष म्हणाला, “वय झालंय, उद्या बघू.”

तो उद्या मंगळवारी उगवला, पण मी दवाखान्यात गेले नाही. सकाळी ओट्यावर बसून केस सोडले आणि घुमायला लागले. हौसाने बघितलं आणि हाकाटी केली, “आक्काच्या अंगात देवीचं वारं आलं!” बायका जमल्या. मला हळदकुंकू लावलं, पायावर पाणी घातलं, प्रश्न विचारले. मनीषा एकटी म्हणत होती, “हे वारं न्हाई. दवाखान्यात न्या.” तेव्हा मी तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “ही पांढऱ्या पायाची हाय. हिला उंबऱ्याबाहेर काढा, न्हाई तर घर बसंल.”

त्याच दुपारी मनीषाच्या भावाला फोन गेला. संध्याकाळच्या आत तो तिला मिरजगावला, माहेरी घेऊन गेला. संतोषने अडवलं नाही. देवीच्या शब्दापुढे कोण जाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मला झटका आला, तोंडाला फेस आला, तेव्हा मला जीपमध्ये घालून नगरला आणलं.

हे सगळं मला मागाहून कळलं. आता मला जे आठवतं ते सांगते.

पहिल्या दिवसाचं काही नाही. झोपेत निदान वेळ गेल्यासारखं तरी वाटतं. इथे वेळही नव्हता आणि मीही नव्हते. सीटी स्कॅन झाला, म्हणजे डोक्याचे आतले फोटो काढले. आयसीयूत ठेवलं. शिरेतून मिठाचं दाट पाणी थेंब थेंब सोडलं. दर सहा तासांनी रक्त घेत होते. दीर नर्सला म्हणाला, “जरा जोरात सोडा की, पाव्हनं खोळंबल्यात.” डॉक्टरीणबाई त्याच्यावर चिडल्या. मीठ घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, माणूस लुळा पडतो. दिवसाला थोडंच चढवायचं असतं. तुमच्यावर वेळ आली तर तिथल्या माणसांना घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी सोडियम एकशे सोळा झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, कुठे आहात?” मी म्हणाले, “मळ्यात.” त्यांनी विचारलं, “शंभरातून सात गेले किती?” मी म्हणाले, “गेले तर जाऊ द्या.” नर्स हसली म्हणे.

तिसऱ्या दिवशी एकशे बावीस. दवाखान्यात आहे हे कळलं. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, हेही आलं. त्र्याण्णवातून सात काढताना मात्र सगळं पुसून जाई. शाळेत मी पाढ्यांत पहिली होते. मला इतका राग आला की मी रडले. लोक म्हणतात अक्कल जाते. मी ती गेलेली बघितली, आणि परत येतानाही बघितली.

चौथ्या दिवशी एकशे अठ्ठावीस. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर इथपर्यंत उतरले. मी नर्सकडून कागद-पेन मागून घेतलं. एका बाजूला सोडियमचा आकडा लिहिला, दुसऱ्या बाजूला मी कुठवर पोचले ते लिहिलं. आकडा चढला की मी पुढे जात होते. माझी हुशारी, माझा राग, मी कोण आणि कुठली ही जाणीव, सगळं त्या बाटलीतून थेंबाथेंबाने येत होतं. हे बघून मला भीती वाटली. मग वाटलं, भिऊन काय करणार? समजून घेतलं पाहिजे.

संतोषला विचारलं, “मनीषा कुठाय?” तो खाली बघायला लागला. “माहेरी गेली,” म्हणाला. का गेली ते सांगेना.

ते हौसाने सांगितलं. पाचव्या दिवशी ती आणि दीर भेटायला आले. हौसाने मोबाईल काढला. तिने सगळं त्यात घेतलं होतं. मोठ्या कौतुकाने म्हणाली, “आक्का, बघ तर खरं. देवीनं सासूबाईंनाच धाडलं, त्याच बोलल्या तुझ्या तोंडून. आवाजसुदिक त्यांचाच.”

मी बघितलं. केस मोकळे, डोळे फिरलेले, कपाळभर कुंकू. लाज वाटली, पण बघायचं थांबवलं नाही. आवाज खरंच सासूचा होता. शब्दही सासूचेच होते.

माझं लग्न झालं त्या वर्षी आमचा बैल दगावला. सासूने मला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि अगदी हेच शब्द बोलली. दिवसभर मी उन्हात उभी होते. तेव्हा हौसा या घरात आलेली नव्हती. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही, मालकांनाही बोलून दाखवलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं मला वाटत होतं की मी ते विसरले.

“सासूबाई आल्या व्हत्या, तर गेल्या कुठं?” मी हौसाला विचारलं.

“गेल्या त्यांच्या जागी.”

“मिठाचं पानी चढल्यावर गेल्या. मिठाला भेत व्हत्या काय?”

दीर माळकरी माणूस आहे, चार ग्रंथ वाचलेला आहे. तो मध्ये पडला. “वयनी, तसं न्हाई. शरीर हा निसता रेडिओ. आत्मा म्हंजी स्टेशन. रेडिओ बिघडला म्हनून स्टेशन बिघडत न्हाई.”

मी यावर विचार केला. मग म्हणाले, “भाऊजी, सेल उतरल्यावर रेडिओ खरखर करतो, बंद पडतो. दुसऱ्याच गावच्या बातम्या सांगत न्हाई. सून हाकलून देत न्हाई. माझं तर स्टेशनच बदललं व्हतं.”

“तुमच्याशी बोलन्यात अर्थ न्हाई,” दीर म्हणाला.

“चढलं वाटतं मीठ,” हौसा त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी त्यांना धरून बसवलं. विचारलं, “बाई, मला खरं सांगा. त्या दिवशी बोलली ती कोण? मी का मीठ?”

त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, मेंदूत कोट्यवधी पेशी असतात. सोडियम त्यांच्या आत-बाहेर झालं की एकीचा निरोप दुसरीला पोचतो. आठवण, बोलणं, हिशेब, सगळं त्या निरोपांवर चालतं. मीठ उतरलं की पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात, निरोप चुकतात.

“म्हंजी माझा जीव म्हंजी एवढंच?”

“आजी, या निरोपांतून ‘मी’ असं वाटणारं माणूस कसं उभं राहतं, ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण मेंदू बिघडला की ते माणूस बिघडतं आणि मेंदू सुधारला की परत येतं, हे मी रोज बघते. मेंदूशिवाय बोलणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.”

“मग सुनेला मिठानं हाकललं, असं म्हनता येईल का?”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मीठ कमी झालं की आतलं दार उघडं पडतं. आत काय ठेवलेलं आहे, ते मीठ ठरवत नाही.”

असं उत्तर मला नको होतं. पण खरं होतं. पाटीवर लिहिलेलं ओल्या हाताने पुसलं तरी उजेडात धरलं की दिसतं, तसं सासूचं बोलणं माझ्या मेंदूत राहिलं होतं. देवीला त्याची खबर नव्हती. मला होती. ज्या सुनेने मला दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं, तिच्यावरच मी ते टाकलं.

सातव्या दिवशी सोडियम एकशे छत्तीस झालं. ती गोळी बदलून दुसरी दिली. मीठ बेताने खा, बंद करू नका, पाणी तहानेपुरतं प्या, आठवड्याने रक्त तपासा, असं लिहून दिलं. संतोष म्हणाला, “आधी घरी चल. हौसाकाकी ओवाळनार हाय.”

मी म्हणाले, “आधी मिरजगाव.”

“आई, पाय तरी धड हायेत का तुझे?”

“बसून जायचंय, पळत न्हाई.”

मनीषा अंगणात मूग पाखडत होती. तिने उठून पाणी दिलं. परत सूप हातात घेतलं. तिची आई भली बाई. म्हणाली, “आजारपनात बोलला तुमी. तुमचा काय दोष? देवीनं वदवलं म्हनत्यात सगळे.”

दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. देवीवर टाकायचं किंवा मिठावर टाकायचं. मी म्हणाले, “देवी न्हाई. मीठबी न्हाई. ते माझ्या डोक्यातच व्हतं. माझ्या सासूनं घातलेलं, मी सांभाळून ठेवलेलं. मनीषा, माझं चुकलं.”

मनीषाने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “तवाबी तुमीच बोलला, आत्ताबी तुमीच बोलताय. आत्ताचं खरं कशावरून धरू?”

प्रश्न बरोबर होता. मी पिशवीतून रिपोर्ट काढून तिच्या हातात दिला. तिने वाचला. मग म्हणाली, “शंभरातून सात गेले किती?” तिला हे संतोषने फोनवर सांगितलं असणार.

मी उतरायला लागले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. चव्वेचाळीसच्या पुढे जरा अडले. तिची आई म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे गं.” मनीषा म्हणाली, “होऊ द्या पुरं.” सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन.

“येते,” मनीषा म्हणाली. “पन आत्याबाई, जिथं बोलला तिथंच हे बोलायचं. त्याच बायकांपुढं.”

पुढच्या मंगळवारी मी त्याच ओट्यावर बसले. केस बांधून बसले. बायका जमल्या होत्या. दोघीतिघींनी नारळ आणले होते, त्यांना प्रश्न विचारायचे होते. मी हौसाला सांगितलं, “मोबाईल धर.” मग बैलाची गोष्ट सांगितली, उन्हात उभी होते ते सांगितलं, सोडियमचे आकडे सांगितले, आणि मनीषाची माफी मागितली. एक म्हातारी म्हणाली, “देवी रुसंल.” मी म्हणाले, “रुसू दे. तुझ्या घरात कोन असं बोलाया लागलं तर आधी रक्त तपास, मग नारळ फोड.” दोघी नारळ घेऊन परत गेल्या. एकीने मात्र घरी जाऊन सासऱ्याला दवाखान्यात नेलं.

आत्मा आहे की नाही, ते मला माहीत नाही. पण माझ्याकडे तो आठवडा आहे आणि तो कागद आहे. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की मी म्हणजे हे डोकंच. ते नासतं, फुगतं, चिमूटभर मिठावर उभं राहतं. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, आत काय साठवायचं ते आता जपून ठरवते. ते कधी बाहेर येईल याचा नेम नाही.

आता स्वयंपाकात मीठ मनीषा मोजून घालते. रोज सकाळी चहाचा कप माझ्यासमोर धरते, पण हातात देत नाही. “शंभरातून सात,” म्हणते. मी चिडते. ती कप मागे घेते. मग मी एकेक पायरी उतरत दोनावर येते, आणि चहा पिते.