मैना कुणाच्या पायताणामागं पळली

आमच्या गवळी गल्लीतल्या आकारामची म्हैस, मैना, जगात दोनच गोष्टी मानते. एक पेंड, दुसरं आकारामचं पायताण.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. दावं न्हाय, काठी न्हाय, मालक पुढं आणि म्हैस मागं. कुणी फटफटीचा आवाज काढून पळवतं. आकाराम मात्र आपलं कातडी पायताण करकर वाजवत पळायचा. सहा पाडवे मैनेनं त्याची मान ताठ ठेवली.

यंदा शिमग्याला त्याची टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की बाभळीचा काटा रुतल्यागत बोंबलायचा. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकून झालं, लेप झाले, गोळ्या झाल्या. चवड्यावर चालून चालून गडी बदकागत दिसायला लागला. शेवटी श्रावणात बायकोनं, क्रांतीनं, त्याला फिजिओथेरपीवाल्या निशिगंधाताईंकडं ओढत नेलं.

“मामा, शॉकवेव्ह देऊया.”

“गोठ्यातल्या मोटरीनं दिलाय की एकदा. फुकटात.”

“करंट नसतो हो यात. दाबाचे ठोके बसतात, जुन्या दुखण्यावर.”

ताईंनी टाचेला गार जेल चोपडली आणि मशीनचा दांडा टेकवला. टकटकटकटक!

“आयाईगं! ताई, भिताडात खिळा मारताय व्हय?”

क्रांती म्हणाली, “आनि जरा वाढवा. घरात लई आवाज हाय ह्यांचा.”

आठवड्याला एक अशा पाच खेपा ठरल्या. ताई म्हणाल्या, “लगेच उतार पडणार नाही, दोन-तीन महिने धरा. रोज पोटरी ताणायचा व्यायाम. आणि हे कडक पायताण बंद. मऊ बूट घाला.”

“तेवढं सोडून कायबी सांगा.”

“तेवढंच सांगते, मामा.”

बूट आले, तेही पांढरे. रोज दूध न्यायला येणारा रशीद दारातच थबकला. “आकाराम, धार काढतुयास का किरकेट खेळाय निघालास?”

पायताण कपाटात ठेवलं तर नवरा गुपचूप काढणार, हे क्रांतीला ठाऊक. म्हणून तिनं ते स्वतःच्याच पायात घातलं. दोन बोटं मोठं होतं, पट्ट्याखाली चिंधी कोंबली. तेच घालून ती दोन्ही वेळा मैनेला पेंड घालायला लागली.

दिवाळीपर्यंत टाच बरीच निवळली. पण पाडव्याच्या सकाळी आकाराम बायकोच्या पायांकडं बघत उभा.

“आजचा दिस दे की गं. पायताणाबिगर मैना हलायची न्हाय. गल्लीत इज्जत जाईल.”

“आनि टाच गेली तर? परत ठोके कोन खानार, तुमची इज्जत?”

गेला मग बुटातच. पंचगंगेच्या घाटावर ही गर्दी! आकाराम पुढं पळाला, “मैनाऽ, ये ये ये!” बुटाचा आवाज तो कसला? मैना रवंथ करत जाग्यावरच. परत हाक, परत रवंथ.

रशीद ओरडला, “आरं, तिला वाटतंय अंपायर आलाय!”

हशा उसळला. आकारामचं तोंड एवढंसं झालं. ओवाळायचं ताट घेऊन उभ्या क्रांतीलाही हसू आवरत नव्हतं, पण नवऱ्याचं ते एवढंसं तोंड बघून तिनं ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि निघाली. करकर, करकर.

मैनेनं कान टवकारले, शेपूट उचललं आणि सुटली की! क्रांती पुढं, म्हैस मागं आणि सगळ्यात मागं “आगं थांब, आगं थांब” करत आकाराम. कुणाला थांबवत होता, देव जाणे.

मानाचा फेटा क्रांतीच्या डोक्यावर चढला. आकाराम धापा टाकत पोचला.

“दुखलं का?” तिनं विचारलं.

तो थबकला. टाच आपटून बघितली. परत आपटली.

“न्हाय की गं!” मग त्याला एकदम आठवलं. “आता दे माझं पायताण.”

“मागा की तिला,” क्रांती म्हणाली.

मैना तिच्या पायाशी मान घालून पायताण हुंगत उभी होती.