रेघेशिवायची अक्षरं

जालन्याच्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्ये मला ती अक्षरं पहिल्यांदा दिसली. जाड, गुबगुबीत, सगळी टोकं गोल, आणि वर रेघच नाही. अवकाशयानाच्या दारावर असावीत तशी. मी त्या फॉन्टमध्ये आमच्या गावाचं नाव टाइप केलं आणि कुंभार पिंपळगाव एकदम शंभर वर्षं पुढचं दिसायला लागलं.

माझे वडील पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंती. मी अक्षरं शिकले ती शाळेत जायच्या आधी, त्यांच्या मागे उभी राहून. फ्लेक्स आल्यापासून त्यांना भिंती कमीच मिळतात. त्यामुळे विहाराशेजारच्या खोलीत अभ्यासिका करायचं ठरलं, तेव्हा बाहेरची भिंत पप्पांनाच मिळणार असं आम्ही घरात धरून चाललो होतो. पण मी अभ्यासिकेच्या समितीतल्या पोरांना ती अक्षरं मोबाईलवर दाखवून बसले.

"ताई, हेच पाहिजे," एक जण म्हणाला. "पण हे हातानं होणार न्हाई. फ्लेक्सच आणावा लागंल."

"पप्पा काढतील," मी म्हणाले. पप्पांना विचारलंसुद्धा नव्हतं. पोरांनी रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर जमलं नाही, तर फ्लेक्स.

पप्पांनी मोबाईल लांब धरून बराच वेळ पाहिला. "याची वरची रेघ कुठंय, माय?"

"नाहीच."

"मंग अक्षर टांगायचं कशाला?"

त्यांचं काम रेघेपासूनच सुरू होतं. खडूच्या भुकटीत माखलेली दोरी भिंतीवर ताणायची, टिचकी मारायची आणि उमटलेल्या रेघेला एकेक अक्षर लटकवायचं. शनिवारी सकाळी त्यांनी तसंच केलं. पहिला 'अ' काढला आणि हात आपोआप वर जाऊन रेघ ओढून आला. पुसलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. रस्त्यानं जाणारे चुलते थांबले.

"काय पेंटर, लेक परीक्षा घेऊन राह्यली का?"

"हो. पेपर अवघड काढलाय तिनं."

पप्पा हसले, पण मला कसंतरी झालं. आता ही भिंत माझ्यामुळेच जाणार होती. "राहू द्या पप्पा," मी म्हणाले, "मी पोरांना साधी अक्षरं चालवून घ्यायला सांगते."

पप्पा बादली पालथी घालून तिच्यावर बसले, ब्रशचा दांडा मोबाईलवरच्या अक्षरांखाली आडवा धरला आणि पाहत राहिले. मग म्हणाले, "हे टांगलेलं न्हाईच. हे खाली बसलेलं आहे."

त्यांनी वरची रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि दोरी खालच्या बाजूला ताणली. त्या रेघेवर ओसरीत गाडगी मांडावीत तशी अक्षरं मांडायला सुरुवात केली. गोलाईसाठी मी घरून पिठाच्या डब्याचं झाकण आणलं. आई मागून ओरडली, ते मी ऐकलं नाही. दुपारपर्यंत 'अभ्यासिका' निळ्या रंगात उभी होती. मग पप्पांनी काळा रंग घेतला आणि प्रत्येक अक्षराला सावली द्यायला लागले.

"पप्पा, मोबाईलमध्ये सावली नाही."

"मोबाईलमध्ये ऊन असतं का?"

रविवारी पोरं आली. एकानं मोबाईल भिंतीशेजारी धरून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. पप्पा खिशात हात घालून बाजूला उभे होते.

"सावली जास्तीची आहे, काका."

"काढून टाकू का?"

पोरानं दोन पावलं मागं जाऊन पुन्हा पाहिलं. "न्हाई, राहू द्या. बराबर आहे. आतल्या भिंतीवर पण असंच काहीतरी लिहून द्या."

पप्पांनी मान हलवली. संध्याकाळी माझी एक कोरी वही मागून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "त्या फॉन्टात 'क' पासून सगळी अक्षरं लिहून दाखव," म्हणाले. "हळूहळू दाखव. मला उतरवायची आहेत."