राज्याचा रकाना

फ्रँकफर्टला येऊन मला चौदा वर्षं झाली होती, आणि फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही असा माझा ठाम समज होता. पुण्याहून ओळखीतलं कोणी नवीन आलं, की त्यांचे आनमेल्डुंगपासूनचे, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीपासूनचे, सगळे कागद आधी माझ्या जेवणाच्या टेबलावर यायचे. मला त्याची थोडी मिजासही होती.

आमच्या वरच्या मजल्यावरची बाई वृद्धाश्रमात नर्स आहे. तिच्या देशात तेव्हा यादवी पेटून दुसरं वर्ष लागलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय. तिचा प्रांत वेगळा व्हायला निघाला होता आणि राजधानीनं त्याच्यावर फौज घातली होती. वडील त्याच प्रांतातले, पण हयात देशाच्या फौजेत गेलेली, आता राजधानीत एकटे. धाकटा भाऊ प्रांताच्या बाजूनं लढायला गेलेला. अशात वडिलांना कॅन्सर झाल्याचा फोन आला, आणि हिचा पासपोर्ट संपलेला.

एका रविवारी दुपारी ती वकिलातीचा फॉर्म घेऊन खाली आली. प्रत्येक रकान्याचं नाव दोन भाषांत छापलेलं होतं, वर जर्मन आणि खाली त्यांच्या राजधानीची भाषा. ती भाषा तिला उत्तम येत होती, शाळाच त्या भाषेतली. पण लढाई सुरू झाल्यापासून त्या भाषेत एक अक्षर लिहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. जर्मन बोलायची झकास, लिहायची मात्र धास्ती. "तू भर, मी सही करते," ती म्हणाली.

नाव, आडनाव, जन्मगाव. पुढे 'श्टाट'. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, हे आपल्या हाताला लागलेलं वळण. मी मान वर न करता विचारलं, "तुझं स्टेट कुठलं?" इथं नव्यानं भेटलेल्या कुठल्याही भारतीयाला विचारते तसंच. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग प्रांताचं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मी ते सुवाच्य लिहिलं. सोमवारी पाकीट पोस्टात पडलं.

बुधवारी जेवताना मी हे लेकीला सांगत होते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. "आई, श्टाट म्हणजे अख्खा देश! तू बुंडेसलांड लिहिलंस, देशातलं नुसतं राज्य," ती म्हणाली आणि पुन्हा भात कालवायला लागली. ज्या नावापायी तिकडे माणसं मरत होती, ते नाव मी वेगळा देश म्हणून तिच्याच सरकारला लिहून पाठवलं होतं.

मी तशीच उष्ट्या हातानं वर गेले. माझं पुरतं बोलून व्हायच्या आत ती म्हणाली, "मी वाचलं होतं. खालच्या ओळीत स्पष्ट होतं. पण तू विचारलंस, आणि एकदा तरी खरं सांगावंसं वाटलं."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट संतापच आला. "मग माझा हात कशाला वापरलास?"

"माझ्या हातानं झालं नसतं."

दोन आठवड्यांनी वकिलातीनं बोलावलं. मी सोबत गेले, बाहेरच्या बाकावर बसले. काचेतून तिची पाठ दिसत होती. तिथला अधिकारी अगदी अदबीनं वागला, तिला कॉफी दिली आणि पुढ्यात कोरा कागद ठेवला. काय लिहायचं ते तिला बोलावतानाच सांगितलं होतं, राजधानीच्या भाषेत, स्वहस्ताक्षरात: माझा प्रांत देशाचाच भाग आहे, माझा भाऊ देशद्रोही आहे, माझा त्याच्याशी संबंध नाही. मग पासपोर्ट. ती किती तरी वेळ हललीच नाही. आत जाऊन तो कागद फाडावा असं मला वाटत होतं, आणि तिनं एकदाचं लिहून टाकावं असंही. शेवटी तिचा उजवा खांदा हलायला लागला. परतताना ट्राममध्ये ती एवढंच म्हणाली, "माझं शुद्धलेखन अजून चांगलं आहे."

ती पाठ अजून माझा पिच्छा सोडत नाही. ऑफिसात मीटिंग चालू असते, समोर कोणीतरी बोलत असतं, आणि मला तो खांदा हलताना दिसतो. तो रकाना मी नीट भरला असता तर तिला तो कागद लिहावाच लागला नसता, असं मला वाटतं. ती म्हणते, भाऊ तिकडे असताना कधी ना कधी लागलाच असता. मला ते पटत नाही.

वडिलांपाशी तिला नऊ दिवस मिळाले. पहिल्याच दिवशी, खोलीतली परिचारिका बाहेर जाईपर्यंत ते थांबले आणि हळूच म्हणाले, "तुझ्याकडूनही लिहून घेतलं?" तिनं मानेनंच हो म्हटलं. लष्करी इस्पितळात खाट मिळावी म्हणून त्यांनीही तेच लिहून दिलं होतं, तो माझा मुलगा नाही म्हणून. मग नऊ दिवस बापलेक दार लावून, प्रांताच्या भाषेत, कुजबुजत फक्त त्याच्याबद्दलच बोलत राहिले.

दहाव्या दिवशी वडील गेले. ती परत आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि तिनं विचारलं, "त्याला आता कुणी कळवायचं?" भावाचा फोन लागत नव्हता. कागदावर त्याला ना बाप उरला होता, ना बहीण.