उखर्डू आबांच्या अकरा सायकली

पहिली तीन मुलं जगली नाहीत म्हणून चौथं झाल्यावर आईने त्याला उकिरड्यावर ठेवलं, परत उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. आमच्या भागात गावोगावी असा एखादा उखर्डू सापडतो. मी सांगते आहे ते जसोंडीचे. शेती धाकट्या भावांवर सोडून ते बुऱ्हाणपुरात आले, काही वर्षं लालबागच्या गिरणीत फिटर होते, आणि मग शनवाऱ्याच्या दरवाजाबाहेर त्यांनी सायकलींचं दुकान टाकलं. सगळे त्यांना आबा म्हणत. मीही म्हणायची, कारण त्यांची एकुलती एक मुलगी विमल माझी मैत्रीण होती.

दुकानात पंक्चर, ओव्हरऑइलिंग, तासावर भाड्याने सायकली, सगळं चालायचं. पण आबांचा जीव मागच्या खोलीत असायचा. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस साली जुन्या विलायती सायकली एकाएकी बाजारात यायला लागल्या होत्या. साहेब लोक बाडबिस्तरा आवरून निघाले होते. संस्थानं विलीन होत होती आणि माळव्यातल्या लहानसहान वाड्यांमधून सामानाचे लिलाव होत होते. लोक झुंबरं बघायचे, शिसवी खुर्च्या बघायचे. आबा सरळ तबेल्यात नाहीतर अडगळीच्या खोलीत शिरायचे आणि कोंबड्या बसलेली, गंजून तांबडी झालेली एखादी सायकल ओढून बाहेर काढायचे. मालगाडीच्या डब्यातून ती बुऱ्हाणपुरात यायची. मग महिने न् महिने ते तिच्यामागे लागायचे. चाकांतला एकेक छर्रा रॉकेलमध्ये धुवायचे. मडगार्डवरच्या सोनेरी रेघा खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढताना श्वास धरायचे. एका घंटीची वाटी जुळत नव्हती म्हणून ते चार वेळा खंडव्याला गेले होते.

त्यांचा नियम एकच होता. तुटलं असेल ते दुरुस्त करायचं, नसेल ते तसलंच जुनं शोधायचं, नवं काही बसवायचं नाही.

सायकल तयार झाली की काही दिवस ती मागच्या खोलीत राहायची आणि मग एखाद्या पारखून घेतलेल्या माणसाकडे जायची. चांदनी स्टेशनावरचा सांधेवाला दगा, धूलकोटचे चुडामण मास्तर, पंडित पटवारी, तहसिलीतले कारकून मधुकरराव. अशा अकरा सायकली आबांनी दिल्या. बारावी विमलची.

ती लेडीज सायकल होती. कुठल्याशा संस्थानात राजाच्या मुलींना शिकवायला ठेवलेल्या मडमेची. दांडीला हंसाच्या मानेसारखा बाक, मागच्या चाकावर पदर अडकू नये म्हणून विणलेली जाळी, आणि पुढच्या चिमट्याच्या डोक्यावर वेलबुट्टी कोरलेला पितळी टोप. चिमटा म्हणजे ज्याच्या दोन पायांमध्ये पुढचं चाक बसतं तो भाग. तो टोप आबांनी लिंबाने घासून असा काढला होता की ऊन पडलं की दुरून दिसायचा.

चौपन्न साली विमलला आणि मला एकाच दिवशी नेमणुका मिळाल्या, जसोंडीच्या जनपद सभेच्या शाळेत. मी कधी बैलगाडीने, कधी पायी जायची. विमल सायकलवर. तेव्हा आमच्याकडे सायकलवरची बाई म्हणजे तमाशाच. पहिले आठ दिवस शनवाऱ्यापासून पोरं मागे धावली, म्हातारे ओट्यावर उठून उभे राहिले. मथुराबाई, विमलची आई, दारात उभ्या राहून म्हणायच्या, "नजर लागीन माझ्या पोरीले." दुकानासमोरून विमल गेली की आबा हातातलं काम सोडून वळणापर्यंत बघत राहायचे. पुढे ती मलाही कॅरिअरवर बसवून न्यायला लागली. मी तिच्या कमरेला धरून बसायची आणि दोघी पाढे म्हणत जायचो.

छप्पन्नच्या जानेवारीत पुढच्या बाजूने आवाज यायला लागला. खड्डा आला की टक्. आम्ही दोघी शाळेतून परस्पर दुकानात गेलो.

"आबा, समोरून टक टक वाजतं," विमल म्हणाली.

आबांनी चाक काढलं, चिमटा ओढून बाहेर काढला, फडक्याने पुसून उजेडात धरला. टोपाच्या खाली, चिमट्याच्या दांडीच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. त्यांच्या मागेच खिळ्याला नव्या देशी कारखान्याचा चिमटा टांगलेला होता, काळा, साधा. विमलनेच तिकडे बोट केलं. "तो लावून टाका ना."

"तो?" आबा हसले. "अन् हा टोप कुठी जाईन? तो बसवला तर ही सायकल राहीन का? नुसती गाडी होईन."

लोहारमंडीत भट्टीवर त्यांनी स्वतः पितळेचा झाळ लावून चीर सांधली. कानशीने घासून इतकं सफाईदार केलं की जोड कुठे आहे ते सांगता येईना. मग स्वतः त्या लेडीज सायकलवर बसून शनवाऱ्याला चक्कर मारून आले. लोक हसले. आबाही हसत उतरले. "आता ऐक. येते का आवाज?"

आवाज येत नव्हता.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मला ताप होता, म्हणून मी घरी राहिले. जसोंडीच्या वाटेवर एक नाला लागतो. त्याच्या उतारावर विमलच्या सायकलचा चिमटा झाळलेल्या जागी तुटला. चाक पुढे गेलं आणि विमल डोक्यावर आपटली. केळीच्या बागेतल्या माणसांनी तिला गाडीत घालून बुऱ्हाणपुरात आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मधे एकदाही तिने डोळे उघडले नाहीत. बावीस वर्षांची होती.

आबा रडले नाहीत. स्मशानातून आल्यावर ते तसेच चालत नाल्यावर गेले आणि सायकल खांद्यावर घेऊन आले. चिमट्याचे दोन तुकडे मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले. कोणी काही विचारलं तर जोड दाखवायचे. "हा मी लावला. मागं नवा टांगलेला होता."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मथुराबाईंकडे गेले. माझ्या पोटात एक गोष्ट होती आणि ती मला जेवू देत नव्हती. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या. मी सांगितलं. झाळ लावल्यावर दोन आठवड्यांनी तो आवाज परत सुरू झाला होता. मी कॅरिअरवर बसून तो ऐकला होता. विमल मला म्हणाली होती, "आबांना बोलू नको गं. किती जीव ओतलाय त्यांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगेन मी, तेव्हा बदलतील." आणि मी बोलले नव्हते.

मथुराबाईंचा हात सुपात थांबला.

"मलेबी सांगितलं होतं तिनं," त्या म्हणाल्या. "मीबी म्हटलं, राहू दे, उन्हाळ्यात पाहू." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "त्यायले सांगू नको, रजनी. कधीच नको. पोरगी त्यायच्यापायी गप राहिली हे कळलं तर त्यायच्यानं जगवणार नाही."

मी शब्द दिला.

आबांनी मागच्या खोलीत उरलेल्या चार सायकली सुट्या करून भंगारात घातल्या. सोनेरी रेघांची मडगार्डं हातोडीने चेपताना मी त्यांना पाहिलं आहे. मग ते खंडव्याला गेले आणि अकरा नवे चिमटे गोणपाटात बांधून आणले. दिलेल्या अकराही सायकलींचे जुने चिमटे काढून हे बसवायचे, एवढंच आता त्यांना दिसत होतं. स्वतः मात्र ते सायकलवर परत बसले नाहीत. जवळच्या गावांना पायी गेले, लांब रेल्वेने, मोटारीने, मिळेल त्या बैलगाडीने. खांद्यावर गोणपाट आणि पान्यांची पिशवी.

चांदनीच्या दगाने लगेच सायकल पुढे केली. काम होईपर्यंत तो शेजारी उकिडवा बसून राहिला आणि जाताना आबांच्या पाया पडला. सगळीकडे तसं झालं नाही. धूलकोटला चुडामण मास्तर ऐकेनात. त्यांनी सायकलला सहा वर्षं लेकरासारखं जपलं होतं.

"आबा, तुम्हीच तर सांगितलं होतं, नवा भाग बसवू देऊ नका म्हणून. चिमटा चांगला आहे. कुठे चीर नाही, काही नाही. कशाला बिघडवता?"

"खोलून पाहू तर द्या."

"पाहा. पण बदलू नका."

आबांनी खोललं. खरंच चीर नव्हती. मास्तर म्हणाले, "झालं समाधान?"

आबांनी जुना चिमटा हातातून सोडला नाही. "मास्तर, तिच्याबी चिमट्यातला आवाज बंद झाला होता," ते म्हणाले. "मी सोता बसून पाहिलं होतं. माझी पोर गेली, मास्तर."

हे सारं मला चुडामण मास्तरांनीच पुढे सांगितलं. ते म्हणाले, "त्यानंतर मी घरात जाऊन बसलो. माझ्याच्याने ते बघवेना. त्यांनी अंगणात नवा चिमटा बसवला, जुना तिथेच दगडाने ठेचला आणि पाणीसुद्धा न पिता गेले."

दसऱ्यापर्यंत नऊ चिमटे बसवून झाले. मग एक नोव्हेंबर उजाडला. मध्य प्रदेशाची नवी मांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडेच राहिलो. शनवाऱ्यावर जो तो तावातावाने बोलत होता. कोणी म्हणे बरं झालं, कोणी म्हणे आता आपल्या पोरांनी मराठी कुठे शिकायची. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली होती. कोणाला इकडे ठेवलं, कोणाला तिकडे दिलं. आबा त्या घोळक्यात आले आणि त्यांनी एकच विचारलं, "मधुकरराव कोणत्या राज्यात गेले?"

पंडित पटवारी मलकापूरकडे गेले होते आणि मधुकरराव नागपूरला. दोघांनीही सायकली बरोबर नेल्या होत्या.

मलकापूरचं काम एका दिवसात झालं. नागपूरला मधुकरराव भेटले, पण सायकल नव्हती. नव्या जागी घर कचेरीच्या जवळच मिळालं, म्हणून त्यांनी ती एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली होती. त्या माणसाने पुढे दुसऱ्या कुणाला दिली. कोणाला, ते त्याला नीट आठवत नव्हतं. कचेरीतलाच कोणीतरी असेल, एवढं तो म्हणाला.

आबा नागपुरात पाच दिवस राहिले. सकाळी कचेऱ्या उघडायच्या वेळी सायकल स्टँडवर जायचे आणि एकेका सायकलपुढे वाकून बघायचे. आपल्या हातची रेघ त्यांना शेकडो सायकलींत ओळखता आली असती. चौथ्या दिवशी एका चौकीदाराने त्यांना चोर समजून गळ्याला धरलं. गोणपाटातला चिमटा बाहेर काढून आबा त्याला म्हणाले, "मी नेत नाही भाऊ, मी द्यायले आलो आहे." त्याला काही समजलं नाही. त्याने ढकलून बाहेर काढलं. पाचव्या दिवशीही सायकल सापडली नाही.

ते परत आले तेव्हा मी दुकानात गेले होते. गालफडं बसली होती. गोणपाट पायाशी तसंच होतं.

"एक राहिली, पोरी," ते म्हणाले. "कोणीतरी बसत असीन तिच्यावर. त्याले कसं कळवू?"

मला सहन झालं नाही. वाटलं, हा माणूस सगळं ओझं एकट्याच्या डोक्यावर घेऊन मरणार. वाटा आम्हा तिघींचाही होता, हे कळलं तर जरा हलकं होईल. मी मथुराबाईंना दिलेला शब्द मोडला. आवाज परत आला होता, विमलला ठाऊक होतं, मला होतं, मथुराबाईंना होतं, सारं सांगून टाकलं.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मले भ्यायची काय ती?"

"नाही आबा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी पायाशी पडलेलं गोणपाट बाजूला सरकवलं. "भ्यायची असती तर बरं होतं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी नागपूरचं नाव काढलं नाही. दुकानात फक्त पंक्चर काढायचे. कोणी जुनी सायकल दाखवायला आणली तर मान फिरवायचे. सहा वर्षांनी, बासष्टच्या डिसेंबरात, ते गेले.

मी आबांना सांगितलं त्याच दिवशी मथुराबाईंना ते आबांकडूनच कळलं होतं. त्या माझ्यावर कधी ओरडल्या नाहीत. पण मला परत घरात ये म्हणाल्या नाहीत. आबांच्या मयतीला मी त्यांच्या दारासमोर रस्त्यावर उभी होते. आत बायका बसल्या होत्या. मथुराबाईंनी वर बघितलं, मला पाहिलं, आणि पदर सारखा करून पुन्हा खाली बघत बसल्या. मी तिरडी उठेपर्यंत थांबले आणि तशीच शाळेत गेले. त्या दिवशी तिसरीच्या वर्गाची परीक्षा होती.