सहा वाजता तुळिंजच्या कोपऱ्यावर

मी कॅनडाला निघाले त्या सकाळी आमच्या अंगणात जमलेल्यांपैकी बरेच जण हे वाचतील, म्हणून आधीच सांगते: तुम्हाला जे दिसलं ते खरं होतं. प्रार्थना झाली आणि आपल्या पद्धतीप्रमाणे मी वयाच्या क्रमाने एकेकाचा आशीर्वाद घेत गेले. आधी मोठी आत्या, मग काका, काकी. पप्पा ओटीच्या पायरीवर उभे होते. मी त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी हात आधीच उचलून धरला होता. मी वाकले, पण बॅगेचा पट्टा धरायला, आणि तशीच पुढे जाऊन सुमोत बसले. गाडी वळताना मागच्या काचेतून पाहिलं तर हात अजून वरच होता. पोरगी घाईत विसरली, असं नंतर कुणीतरी आईची समजूत घालायला म्हणालं. मी विसरले नव्हते.

पप्पा मराठी शाळेत मास्तर. गावात त्यांच्या अक्षराचं कौतुक होतं आणि पिण्याची कुजबुज. शाळेत मात्र कधी पिऊन गेले नाहीत, हे लोक आवर्जून सांगायचे. ते सगळं घरासाठी राखून ठेवलेलं असायचं. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना संपायच्या आत त्यांची चप्पल वाजली की मी पलंगाखाली जायचे. सातवीत असताना एकदा त्यांनी मला हाताला धरून तिथून बाहेर ओढलं. मनगट टम्म सुजलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रिणींना मी विहिरीवर पाय घसरला म्हणून सांगितलं. वर्गावर पप्पाच होते. त्यांनी ते ऐकलं आणि फळ्याकडे वळून तारीख लिहिली.

पुढे पन्नाशीला आल्यावर शाळेतल्या एका सहकाऱ्याबरोबर ते नालासोपाऱ्याला प्रार्थनासभेला गेले आणि त्यांची दारू सुटली. एकदम सुटली, पण तिच्याबरोबर रोझरीही सुटली आणि चर्चमधली रविवारची मिस्साही. गाव म्हणायला लागलं, मास्तर बिलिव्हर झाला, चर्च सोडून प्रार्थनासभेवाल्यांत गेला. आम्ही आत रोझरी म्हणायचो आणि ते बाहेर ओटीवर बायबल वाचत बसायचे. गंमत म्हणजे गावाला त्यांची दारू चालत होती, हे काही चाललं नाही. आई म्हणायची, "हे पीत होते तेव्हा लोक दार लावून घ्यायचे, आता खिडकीपन लावतात." पण ती रात्रीची शांत झोपायला लागली होती, त्यामुळे याहून जास्त कधी बोलली नाही.

मी तेव्हा सातिवलीच्या एका कारखान्यात ऑफिसला होते आणि रविवारी दुपारी नालासोपाऱ्यात तुळिंजला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. क्लास पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान आणि समोर भाजीबाजार. सहाला क्लास सुटायचा. एका रविवारी जिना उतरताना आवाज कानावर आला आणि माझे पाय तिथेच थबकले. समोरच्या कोपऱ्यावर पप्पा प्लास्टिकच्या स्टुलावर उभे होते, हातात भोंगा, बाजूला पत्रकं वाटणारे दोघे. "पश्चात्ताप करा" हे ते अगदी "गृहपाठ दाखवा" म्हटल्यासारखं म्हणत होते. वाक्य अर्धं सोडून पोरांनी पुरं करावं म्हणून थांबायची त्यांची वर्गातली खोडही गेली नव्हती. "पापाची कबुली दिली तर..." म्हणून ते थांबले. भाजीवाला म्हणाला, तर पोलीस नेतात. सगळे हसले, पप्पाही हसले. म्हणाले, इथे पोलीस नाहीत, म्हणूनच लवकर द्या.

मग त्यांनी स्वतःची साक्ष द्यायला सुरुवात केली. बाजारात पिशव्या घेऊन निघालेली माणसं, कुणी कोकणातली, कुणी घाटावरची, कुणीही आमच्या गावचं नाही. त्यांच्यासमोर पप्पा म्हणाले, "मी मास्तर. जगाच्या पोरांना शिस्त लावली आणि माझी पोर मला भिऊन पलंगाखाली लपायची. या हाताने मी तिला ओढून काढलं. तिचं मनगट सुजलं आणि तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं. ते पाप माझं आहे."

माझ्याबरोबर वर्षा होती. क्लासमधली मैत्रीण, तुळिंजमध्येच राहायची. तिने विचारलं, "तुमच्याकडचे वाटतात गं. ओळखतेस?"

मी म्हणाले, "नाही."

त्यानंतर क्लास संपेपर्यंत दर रविवारी सहा वाजता ते त्याच कोपऱ्यावर असायचे. मी झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाने निघून जायचे, पण ऐकल्याशिवाय नाही. घरी आल्यावर वाटायचं, आज म्हणतील. ओटी ओलांडून चार पावलं आत येतील आणि मला एकटीला सांगतील. ते विचारायचे, जेवलीस का? एवढंच. माझ्या मनगटाची गोष्ट सगळ्या तुळिंजला पाठ झाली होती. भाजीवाल्याची क्षमा मागणारा माणूस माझी मागत नव्हता. हा राग मी मनात धरला आणि कॅनडाला जाताना सोबत नेला. सामानाच्या वजनात तो धरला गेला नाही, एवढंच.

इथली सुरुवातीची वर्षं तुमच्यापैकी जे आले त्यांना ठाऊक आहेत. बेसमेंटमधली खोली, वेअरहाऊसमधली शिफ्ट, बर्फात वाट बघायला लावणारी बस, आणि रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन. आई बोलायची, मग पप्पांच्या हातात रिसीव्हर द्यायची. "जेवतेस ना?" मी हो म्हणायचे आणि कार्ड संपत आलं असं सांगायचे. बहुतेक वेळा ते संपलेलं नसायचं.

डाउनटाउनला एका स्टेशनाबाहेर एक गोरा म्हातारा पाटी घेऊन उभा असायचा. तोही पश्चात्तापच सांगायचा. एका शनिवारी मी सवयीने थांबले. पाच मिनिटं ऐकल्यावर लक्षात आलं की तो कुणाकडेच पाहत नव्हता. सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे कुठेतरी बघत बोलत होता. मला पप्पा आठवले. ते कुठे बघायचे? गर्दीच्या डोक्यांवरून नाही, भाजीवाल्याकडेही नाही. ते क्लासच्या जिन्याकडे बघायचे. त्या दिवशी मी शिफ्टला उशिरा पोहोचले.

पाच वर्षांनी मी सुट्टीवर आले तेव्हा पप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं. आवाज जवळजवळ गेलाच होता. त्यांना भेटायला योसेफकाका आले, पत्रकं वाटणाऱ्या दोघांतले एक. मूळचे सोलापूरकडचे, कामणला गोदामावर सुपरवायझर. मी त्यांना अंगणाच्या टोकापर्यंत सोडायला गेले आणि धीर करून विचारलं की तुम्ही त्याच कोपऱ्यावर का उभे राहायचा.

"आम्ही म्हणायचो की मास्तर, कामणला चला, माणसं पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "तर हे म्हणायचे, माझी पोर सहाला सुटते, तिला ऐकू जायला पाहिजे. घरात तोंड उघडत नाही माझं, असं म्हणायचे. तुझा क्लास संपला, आणि मग ते तिथे कधी उभे राहिले नाहीत."

मी परत ओटीवर आले. संध्याकाळ झाली होती. आईने आत रोझरी सुरू केली, पप्पा त्यांच्या खुर्चीत बाहेर. रोझरी संपल्यावर मी आईचा आशीर्वाद घेतला आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर वाकले. म्हणाले, "पप्पा, मी ऐकत होते. दर रविवारी." त्यांनी हात उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला. मग त्या खरखरत्या, संपलेल्या आवाजात म्हणाले, "हात दाखव." शाळेत नखं तपासताना म्हणायचे तसंच. मी हात पुढे केला. त्यांनी मनगट दोन्ही हातांत धरलं आणि आई दिवा लावून बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. मी रडले. तेही रडले.

पप्पा आता नाहीत. इथे कुणी विचारलं, व्हेअर इज होम, तर मी वसई सांगते आणि ऐकणाऱ्याला आमचं अंगण, ओटी, केळीची बाग दिसत असेल. मला मात्र तुळिंजचा तो कोपरा दिसतो. भाजीचा पाला, रिक्षांचे हॉर्न, प्लास्टिकचं स्टूल. आमच्या घरातलं सगळ्यात खरं बोलणं झालं ते तिथे, भर बाजारात, आणि मी म्हणाले होते की मी यांना ओळखत नाही. मागच्या महिन्यात वर्षाला फोन करून विचारलं, स्टुलावरचे ते मास्तर आठवतात का? ते माझे पप्पा होते. ती म्हणाली, "ठाऊक होतं गं. तू ऐकायचीस, म्हणून मी पण थांबायचे."