व्हर्ना टॅकेटने स्टेशन बंद केलं तो दिवस

लॅनम्स फोर्क नावाच्या ओढ्याकाठी, बॅप्टिस्ट चर्चच्या टेकडीखाली आमचं रेडिओ स्टेशन होतं. व्हर्ना टॅकेट तिथे लग्नाआधी लागली, विधवा झाली तरी तिथेच होती. सकाळी चौघांच्या आवाजातली जुनी भजनं लावायची. मधे कोण आजारी, कोण वारलं, कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगायची. आणि शेवटी ओढ्याचं पाणी किती चढलंय ते. वरच्या पुलाजवळचा म्हातारा ओडेल स्लोन पाणी बघून तिला फोन करायचा. आमच्या डोक्यावर, डोंगराच्या खोबणीत बांध घालून कोळशाच्या खाणीच्या काळ्या गाळाचं तळं केलेलं होतं. ओडेलचा निरोप ऐकल्याशिवाय पावसाळी दिवसांत कुणी मुलांना शाळेला धाडत नसे.

स्टेशनचे मालक, चर्चचे पाद्री, वारले आणि त्यांच्या मुलाने सगळं बदलायला घेतलं. भजनं गेली, दिवसभर प्रवचनं आली. मयतांची नावंही गेली. "सकाळी सकाळी माणसं खचतात, व्हर्नामावशी," तो म्हणाला. प्रवचनांनी तरुण पोरं पळाली, म्हणून गिटारवर म्हटलेली नवी गाणी आली आणि प्रार्थनेच्या विनंत्या बंद झाल्या. तरी भागेना, तेव्हा त्याने स्टेशन दूरच्या एका कंपनीला विकलं. कंपनीने माइक काढून नेला आणि खोलीत एक लोखंडी कपाट बसवलं. गाणी आणि हसरे आवाज कुठल्याशा शहरातून त्या कपाटात यायचे. व्हर्नाच्या वाट्याला झाडलोट उरली.

"पण ओढ्याचं कोण सांगणार?" तिने कंपनीच्या माणसाला विचारलं.

"आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, बाई."

"या दरीत लागतो का तुमचा?"

तो मोबाइल डोक्यावर धरून सिग्नल शोधत गाडीकडे गेला.

ओडेल मात्र फोन करत राहिला. आता फोन एक यंत्र घ्यायचं आणि गोड आवाजात त्याचे आभार मानायचं; निरोप कुणी ऐकत नसे.

त्या मार्चमध्ये पावसाने उसंतच दिली नाही. ओढा चढत होता आणि एका सकाळी अचानक उतरला. व्हर्ना झाडायला गेली होती. फोन वाजला आणि यंत्राच्या आधी तिनेच उचलला.

"कोण, व्हर्ना? देवा, माणूस आहे तर!" ओडेल धापा टाकत होता. "पाणी उतरलंय गं. एवढ्या पावसात कसं उतरेल? वर कुठेतरी तुंबलंय. आणि तळ्याच्या बांधातून काळं पाणी झिरपतंय, मला इथून दिसतंय."

"ब्रदर ओडेल, तुम्ही आधी तिथून निघा!"

"पुलापलीकडच्या म्हातारीला घेतो आणि निघतो. तू लोकांना सांग."

सांगायचं कशावर? कपाटातली बाई कुणाच्या तरी वाढदिवसावर खिदळत होती. व्हर्नाने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

दरीतले सगळे रेडिओ एकदम गप्प झाले. न्हाव्याकडचा, शाळेच्या स्वयंपाकघरातला, माझ्या गॅरेजमधला. ते स्टेशन कधी बंद पडलेलं मी ऐकलं नव्हतं. मी थट्टा करायलाच स्टेशनला फोन लावला.

"काय गं, कपाटाला सुट्टी दिलीस?"

"डार्विन, तोंड बंद कर आणि ऐक. बांध फुटतोय. दिसेल त्याला घेऊन टेकडीवर चढ. सामानाला हात लावू नकोस. हॉर्न वाजवत जा!"

मी फोन टाकला. मागोमाग न्हाव्याने केला, शाळेतून आला, कुणी तक्रार करायला, कुणी नुसतं विचारायला. प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. आम्ही पोरांना खांद्यावर घेऊन चर्चपाशी पोचलो तेव्हाही ती खालीच होती, फोनपाशी. लाइन मेली आणि दारात पहिला गाळ शिरला, तेव्हा मागच्या खिडकीतून बाहेर पडली. कमरेपर्यंत गाळाने भरलेली, टेकडीवर रांगत आली.

मग तो आवाज आला. पाण्याचा वाटत नव्हता. झाडं मोडत, घरं ढकलत काळी भिंत खालून गेली आणि स्टेशन त्यात दिसेनासं झालं.

टेकडीवर चढलेले सगळे वाचले. ओडेलची गाडी खूप खाली, एका वळणावर सापडली, दोन्ही दारं उघडी. तो आणि ती म्हातारी अजून सापडलेले नाहीत.

कंपनीने नवं कपाट डोंगरावर बसवलं. आता लहान मुलांची गाणी लागतात. खाणवाल्यांनी बांध पुन्हा घालायला घेतलाय. त्यांचे ट्रक दिवसभर आमच्या दारावरून वर जातात. व्हर्ना माझ्या बायकोच्या आग्रहाने आमच्या मागच्या खोलीत राहते. पावसाची पहिली सर आली की ती बूट चढवते आणि पाऊस थांबेपर्यंत काढत नाही.