खांबावर नसलेलं नाव

दरवर्षी मुक्तिदिनाला शाळेची पोरं मला खुर्चीत बसवतात आणि रझाकारांचं सांगा म्हणतात. मीही घोकलेला धडा म्हणावा तसं सांगते. सोलापूरकडून फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, इथवर आलं की टाळ्या पडतात. पुढचं कुणी विचारत नाही, आणि त्याचं मला हायसं वाटतं, हे खरं आहे.

जळकोटजवळच्या आमच्या गावात शेजारी एक पिंजारी राहायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. रझाकार आले तेव्हा आमचं सगळं घर त्याच्या कापसाच्या ढिगामागं दडलं होतं आणि तो दारात उभा राहून सांगत होता, "याँ कोई नहीं, मियाँ." मी तेव्हा नऊएक वर्षांची असेन. नाकात कापूस जाऊन मला शिंक येत होती, म्हणून आईनं माझं तोंड दाबून धरलं होतं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली आणि वारं फिरलं, रझाकारांचा सूड दिसेल त्या मुसलमानावर निघू लागला. आता कुऱ्हाडी घेतलेली माणसं चाचाला शोधत आली. त्यातली निम्मी आमच्या ओळखीची होती. माझ्या वडिलांनी त्याला परसातल्या ज्वारीच्या पेवात उतरवलं आणि वर फरशी ओढली. पेव म्हणजे जमिनीतलं खोल कोठार. ते बरेच दिवस बंद असलं की आतली हवा जीव घेते. म्हणून आधी ते उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या दिवशी घाईत कुणी कंदील सोडला नाही. मला आठवलं होतं. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही अशी घरची शिस्त, मी गप्प राहिले. त्या गप्प बसण्याची लाज अजून गेलेली नाही.

माणसं गेल्यावर वडिलांनी फरशी सरकवून हाक मारली. मग आणखी एक मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेव मातीनं बुजवलं आणि ओल लागली म्हणून गावात सांगितलं. चाचीला सांगितलं, तो सोलापूरच्या वाटेनं निसटला. मला आईची शपथ घातली.

बऱ्याच वर्षांनी चावडीपुढं हुतात्म्यांचा खांब उभा राहिला. वडील तोवर गेले होते. पाहुणे भाषणात म्हणाले, त्या दिवसांत गावातला जो जो जीव गेला, त्याचं नाव या दगडावर कायम राहील. भाषणं करणाऱ्यांना असं बोलायला काही लागत नाही. गर्दी पांगल्यावर चाची आली. केस पांढरे झालेले, गळ्यात काळी पोत तशीच.

"पोरी, मला वाचाया येत न्हाय. समदी नावं वाच."

मी वाचली. ती एकेका ओळीवर बोट ठेवत ऐकत होती.

"आमच्या ह्यांचं न्हाय त्यात?"

"न्हाय, चाची."

तिनं दगडावर तळवा टेकला आणि मोठा श्वास सोडला.

"मंग जिते हायती," ती म्हणाली. "येतील."